दारचा कुत्रा : ‘पाळीव’ आणि ‘भटका’ या दोन शब्दांच्या आधी



बेंगळुरूच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो, तिथे पहिल्या वर्षाला इतिहासाचा एक छोटा ऐच्छिक पेपर असतो. त्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. घरी कुत्रा असेल, तर त्याच्याशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता? वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी मुले असतात, बेळगाव-निपाणीकडची दोन-चार मराठी मुलेही असतात. उत्तर मात्र जवळजवळ एकच येते. ‘सिट’, ‘कम’, ‘नो’, ‘गुड बॉय’. ज्या आजीला इंग्रजीत घरचा पत्ता सांगता येत नाही, तीही सोफ्यावर चढलेल्या लॅब्रॅडॉरला ‘गो, गो’ म्हणते. मग मी दुसरा प्रश्न विचारतो. फाटकाबाहेरच्या कुत्र्याशी कोणत्या भाषेत बोलता? वर्ग हसतो. कन्नड मुले ‘बा, बा’ म्हणून बोलावतात आणि ‘हच्चा’ म्हणून हाकलतात. मराठी मुलांचे ‘यू यू’, ‘हाड’ आणि ‘छू’ ठरलेले.

प्राणी एकच. फाटकाच्या आत त्याची भाषा इंग्रजी, बाहेर आईची. ही नुसती गंमत नाही. कायद्यानेही हेच केले आहे. 2001 साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले. त्यांत म्हटले आहे की सर्व कुत्र्यांची विभागणी दोन वर्गांत करायची : पाळीव कुत्रे आणि रस्त्यावरचे कुत्रे. तिसरा वर्ग नाही. आपल्याला ही विभागणी इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास असेल हे मनातच येत नाही. या पाठात तो इतिहास पाहायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांचे आयुष्य या दोन्ही खणांत न बसणाऱ्या जागेत गेले. मराठीत त्या कुत्र्याला ‘दारचा कुत्रा’ म्हणत. ती जागा कशी होती, कोणी काढून घेतली आणि ती गेल्यावर कुत्र्याचे काय झाले, हे प्रश्न आपल्यापुढे आहेत.

काळीचा दगड

सुरुवात बेंगळुरूतूनच करू. कस्तुरबा रोडवर सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, 1865 साली सुरू झालेले. तिथे आतकूरचा शिलालेख ठेवलेला आहे. आतकूर हे गाव मंड्या जिल्ह्यात, मद्दूर तालुक्यात. दगडाच्या वरच्या भागात एक कुत्रा आणि एक रानडुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत. भोवती जुन्या कन्नडमधला मजकूर आहे. शके 872, म्हणजे इ. स. 949-50.

इतिहासाच्या पुस्तकांत हा लेख येतो तो तक्कोलमच्या लढाईसाठी. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग सरदार बूतुग यांनी चोळांचा पराभव केला आणि चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला, त्याचा हा महत्त्वाचा पुरावा. पण दगड त्या लढाईसाठी उभारलेला नाही. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. त्याने लढाईत पराक्रम केला, धनी खूश झाला आणि म्हणाला, काय हवे ते माग. मणलेराने ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडला गेला. डुकराने कुत्र्याला मारले, कुत्र्याने डुकराला. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वर देवळासमोर हा दगड उभारला, त्याच्या नावे जमीन लावून दिली आणि व्यवस्था पाहणाऱ्या गोरवावर, म्हणजे शैव पुजाऱ्यावर, अट घातली : या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवलास तर पाप लागेल.

इथे थोडे थांबा. हजार वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या कुत्र्यासाठी दगड कोरवला, जमीन दिली आणि दुसऱ्या माणसाचे रोजचे जेवण त्या कुत्र्याच्या पूजेला बांधले. आज ‘कुत्र्यावर एवढा खर्च? हे शहरी फॅड आहे’ असे म्हणणाऱ्यांना हा दगड दाखवावा. मात्र उलटी चूकही करू नका. काळी हा ‘पेट’ नव्हता. तो कामाचा होता, दान देण्याजोगी मौल्यवान वस्तू होता, आणि वीरासारखा मेला म्हणून त्याला वीरगळाचा मान मिळाला. प्रेम होते का? दगड मागणाऱ्याच्या मनात काय होते ते दगडावर लिहिलेले नाही. पण राज्य किंवा सोने मागता येत असताना कुत्रा मागणारा माणूस होता, एवढे नक्की.

राजेलोकांच्या कुत्र्यांची निगा हा तेव्हा अभ्यासाचाही विषय होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याहून जवळच. त्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांवर, त्यांच्या शिकारीवर आणि पारखीवर वेगळे प्रकरण आहे.

खंड्या आणि वाघ्या : पुराव्याबद्दल थोडे

आतकूरचा दगड घटनेच्या काळातलाच आहे, म्हणून इतिहासकार त्यावर विसंबतात. महाराष्ट्रातले दोन प्रसिद्ध कुत्रे यापेक्षा वेगळे आहेत.

पहिला साताऱ्याच्या छत्रपती शाहूमहाराजांचा. ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने शाहूमहाराजांचा जीव वाचवला होता. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली, पालखीचा मान दिला आणि एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव खंड्या. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्याची समाधी दाखवतात. ग्रँट डफ हे सगळे म्हातारपणच्या लहरी म्हणून सांगतो. तो स्वतः ब्रिटिश अधिकारी, घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी लिहिणारा. म्हणजे साधन उपयोगी, पण चाळून घ्यायचे.

दुसरा रायगडावरचा वाघ्या. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली ही कथा तुम्ही ऐकलेली असते. गडावरचा त्याचा पुतळा 1936 सालचा. समकालीन कागदांत वाघ्याचा पुरावा मिळालेला नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाने ही कथा घरोघर पोहोचवली असे मानतात. 2012 साली पुतळा उखडून टाकला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि 2025 मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. बाजू कोणतीही घ्या, पण एक लक्षात ठेवा. वाघ्या सतराव्या शतकातल्या कुत्र्याबद्दल फारसे सांगत नाही. विसाव्या शतकातल्या मराठी माणसाला इमानाचे चित्र कोणत्या प्राण्यात दिसत होते, हे मात्र तो नेमके सांगतो.

तिन्ही उदाहरणांत आणखी एक समान गोष्ट आहे. या कुत्र्यांना नाव आहे, धनी आहे आणि कुठेतरी नोंद आहे. दगड, सनद किंवा पुतळा. ज्यांची नोंद झाली नाही अशा लाखो कुत्र्यांचे काय?

अंगण

त्यांच्यासाठी शिलालेख नाहीत. त्यांचा शोध रूढी, म्हणी आणि घराच्या रचनेत घ्यावा लागतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे.

जुने मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आत माजघर आणि स्वयंपाकघर, मग ओसरी, मग अंगण, मग रस्ता. कुत्र्याची जागा अंगणात, फार तर ओसरीच्या पायरीपाशी. माजघरात त्याला मज्जाव, पण रस्त्यावरचाही तो नव्हे. रात्री उरलेली भाकरी त्याच्यापुढे पडे. ती कोणी ‘घालायची’ हे बहुधा ठरलेले असे, आणि कुत्र्याला ते माणूस बरोबर ठाऊक असे. त्याच भाकरीवर शेजारच्या घराचाही हक्क चाले. एक कुत्रा तीन दारांवर जेवे आणि तिन्ही घरे त्याला आपला म्हणत. नाव मोत्या, वाघ्या, खंड्या, राजा. काम एकच : परका आला की भुंकणे. साखळी नाही, पट्टा नाही, मालकीहक्काचा कागद नाही. याला पाळीव म्हणाल की भटका?

धर्मातही त्याची जागा अशीच उंबऱ्यावरची. श्राद्धात गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि ते चार वेद आहेत असे सांगतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. त्याच देवाच्या कर्नाटकातल्या रूपाला, मैलारलिंगाला, वाहिलेले गोरव आजही कुत्र्यासारखे भुंकत जमिनीवरच्या भांड्यातले खातात. आतकूरच्या लेखात कुत्र्याच्या दगडाची पूजा गोरवाकडेच होती, हे आठवा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येकाला माहीत आहेत.

पण हे चित्र गोड करून सांगायचे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती कोणती, तर कुत्री आणि गाढवे, असे म्हटले आहे. ज्याला गावाबाहेर ठेवले त्याच्याशी कुत्र्याला जोडले, आणि कुत्र्याच्या अपवित्रपणाने माणसाची पायरी ठरवली. इंग्रजांनी पुढे या देशी कुत्र्याला ‘पारिया डॉग’ म्हटले. हा शब्द तमिळ प्रदेशातल्या परैयर या दलित समाजाच्या नावावरून आला. आजही कुत्र्यांच्या जातींवरच्या पुस्तकांत तो छापला जातो आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. तुम्हाला खटकायला हवे. ‘इंडी’ हा नवा शब्द थोडा लाडिक आहे, पण निदान तो कोणाचा अपमान करत नाही.

आता भाकरीबद्दल. शहरातले श्वानप्रेमी सांगतात की कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला भाकरी घालणे म्हणजे हाल करणे. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चार ते तीस. म्हणजे माणूस शेती करून धान्य खाऊ लागला तसा त्याच्या दाराशी राहणारा प्राणीही बदलला. नुसती भाकरी पुरेशी आहे असे नाही, पण भाकरी त्याला परकीही नाही.

आणि ती म्हण, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. 1959 पासून सैबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ द्मित्री बेल्यायेव्ह यांनी रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग चालवला. निकष एकच : माणसाला कमी घाबरणारी पिले निवडायची आणि त्यांचीच पुढची पिढी वाढवायची. काही पिढ्यांत माणसाळलेले कोल्हे तयार झाले, शेपूट हलवू लागले, आणि काहींचे कान लोंबू लागले, शेपटी वळू लागली. शेपटीसाठी कोणी निवड केली नव्हती. आपण ज्या वाकडेपणाला हट्टीपणाची खूण समजून हसतो, ती निदान त्या कोल्ह्यांत माणसाच्या सहवासाबरोबर आली.

सहवास किती जुना? जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली एक स्त्री, एक पुरुष आणि कुत्रा एकत्र पुरलेले सापडले. काळ सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचा. त्या कुत्र्याच्या दातांचा अलीकडे अभ्यास झाला. पिलू असताना त्याला डिस्टेंपर झाला होता आणि आजारात तो काही आठवडे जगला. पाणी पाजणारे, ऊब देणारे कोणी नसते तर जगला नसता. आजारी पिलू शिकारीच्या उपयोगाचे नसते. मणलेराच्या मनात काय होते ते आपल्याला वाचता आले नाही, इथे मात्र दातांवर थोडे वाचता येते.

मुंबई, 1832

दारचा कुत्रा आणि सरकार यांची पहिली मोठी टक्कर मुंबईत झाली. कंपनी सरकार उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ठरावीक आठवड्यांत बेवारस कुत्री मारायला परवानगी देई. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. 1832 साली उन्हाळ्याची मुदत 15 जूनपर्यंत वाढवली गेली. आठ आण्यांच्या लोभाने कुत्री पकडणारे शिपाई घरांच्या आवारात आणि दारांपाशी घुसू लागले. 6 जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, फोर्टमध्ये पारशांच्या जमावाने शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, त्यात हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही आले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा अन्नपुरवठा अडवला गेला. शेवटी सैन्य आणावे लागले.

पारशांना एवढा राग का यावा? त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याचा ‘सगदीद’ हा विधी आहे. कुत्रा त्यांना पवित्र. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. शिपायाच्या लेखी ज्याला धनी दिसत नाही तो कुत्रा बेवारस. गल्लीच्या लेखी तो कुत्रा आपला, कारण तो आपल्या दारात जेवतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. भांडण ‘आपला’ या शब्दाच्या अर्थावर होते.

दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. निराधार जनावरांसाठी बांधलेली ती जागा भुलेश्वरला आजही आहे. कोंडून वाचवायचे हाही एक मार्ग.

सरकारच्या बाजूनेही एक खरी गोष्ट होती, तिचे नाव रेबीज. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या माणसाचे मरण ज्यांनी पाहिले ते ते विसरत नसत. लुई पाश्चरने 1885 साली पॅरिसमध्ये पहिली लस टोचली. भारतात कसौलीला 1900 साली आणि दक्षिणेत कुन्नूरला 1907 साली पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि ती लस भारतात 2004 च्या अखेरीपर्यंत वापरात होती. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हे आमच्या पिढीचे बालपणीचे भय होते. कुत्र्याला दगड मारायला शिकवणाऱ्या आयांच्या मनात क्रौर्य कमी आणि ती चौदा इंजेक्शने जास्त असत. आता लस दंडात देतात, चार-पाच वेळा. तरीही चावल्यावर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हे इतिहासाच्या पाठात बसत नसले तरी लिहून ठेवतो. लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

जात, सोफा आणि साखळी

कुत्र्यांच्या ‘ब्रीड’ची कल्पना आपल्याला प्राचीन वाटते, पण तिची वंशावळीची वही नवीन आहे. पहिले रीतसर श्वानप्रदर्शन इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला 1859 साली झाले, लंडनचा केनेल क्लब 1873 चा. कुत्रा काय करतो यापेक्षा तो कसा दिसतो आणि त्याचे आईबाप कोण, हे महत्त्वाचे झाले. माणसांच्या जातिव्यवस्थेत वाढलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना समजावून द्यावी लागली नाही.

मुधोळचा कुत्रा याचे चांगले उदाहरण आहे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. दख्खनच्या पठारावर मेंढपाळ आणि शिकारी जमाती लांब पायांचे, बारीक कमरेचे, वेगवान कुत्रे पूर्वीपासून बाळगत. महाराष्ट्रात त्यांनाच कारवानी म्हणतात. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही पैदास हाती घेतली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला पिले भेट दिली, आणि कुत्र्याला संस्थानाचे नाव मिळाले. 2005 साली त्यावर टपाल तिकीट निघाले, पुढे मेरठला लष्कराने त्याची चाचणी घेतली. संस्थानिकाचे नाव राहिले. ज्या जमातींनी शतकानुशतके निवड करून तो वेग घडवला, त्यांची नावे तिकिटावर नाहीत.

बेंगळुरूत विलायती कुत्रा आला तो छावणीबरोबर. 1809 साली इंग्रजांची छावणी वसली. मोठ्या आवाराचे बंगले, माळी, आणि कुत्र्याला इंग्रजीत आज्ञा देणारे साहेब. वर्गातल्या माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथे आहे. शिकवलेला कुत्रा साहेबाच्या घरून आला आणि भाषा सोबत घेऊन आला. 1898 च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी हे नवे भाग वाढत गेले, तिथेही घराला कंपाउंड होते. कंपाउंड म्हणजे अंगणाचा शहरी भाऊ. त्यात कुत्र्याला मधली जागा होती : आत नाही, बाहेर नाही.

ही जागा गेली ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत. बंगला पाडून त्या जागी चार मजले आले, तळमजल्यावर गाड्या. अंगण गेल्यावर कुत्र्यापुढे दोनच वाटा उरल्या, लिफ्टने वर जाऊन सोफ्यावर किंवा फाटकाबाहेर रस्त्यावर. 2001 च्या नियमांतले दोन खण कागदावर आले, त्याच सुमारास वास्तुरचनाकारांनी ते काँक्रीटमध्ये बांधून काढले, असे मला वाटते.

सोफ्यावर गेलेल्या कुत्र्याचे दिवस कसे जातात ते पाहा. सकाळी सहाला साखळी, वीस मिनिटे. मग मालक-मालकीण ऑफिसात, कुत्रा दहा तास एकटा, बाल्कनीच्या जाळीतून खालच्या कुत्र्यांवर भुंकत. जेवण पुडीतले. डिलिव्हरीवाला आला की गोंधळ. परका दिसला की भुंकणे हे त्याचे काम होते. काम गेले, पण सवय गेली नाही, आणि त्या सवयीसाठी आता ट्रेनर बोलवावा लागतो. झोपण्यापूर्वी तो गादीवर गोल गोल फिरतो, खांबाखांबाशी थांबून वास घेतो. मालक साखळी ओढतो, कारण त्याला मीटिंग आहे. कुत्र्याच्या लेखी मात्र दिवसभराची बातमी त्या खांबावरच असते.

निवडही जाहिरातीने केली. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि शहरोशहरी पग आले. चपट्या नाकाच्या त्या बिचाऱ्याला उन्हात श्वास पुरत नाही. 2022 च्या ‘777 चार्ली’ या कन्नड चित्रपटानंतर लॅब्रॅडॉरला मागणी आली, वास्तविक त्या चित्रपटाचा विषयच पैदास करणाऱ्यांच्या क्रौर्याचा होता. करोनाच्या टाळेबंदीत अनेकांनी पिले आणली आणि ऑफिसे उघडल्यावर त्यांतली काही फाटकाबाहेर सोडली. पाळीव आणि भटका यांतले अंतर असे एका दुपारीसुद्धा पार होते. बेंगळुरू महापालिकेने 2018 साली सदनिकेत एकच कुत्रा आणि स्वतंत्र घरात तीन, असा नियम काढला. विरोधानंतर तो मागे पडला.

बाहेरच्यांची 2023 साली पालिकेने गणती केली. आकडा आला सुमारे 2 लाख 79 हजार, 2019 मध्ये तो सुमारे 3 लाख 10 हजार होता. म्हणजे नसबंदीचा काही उपयोग होतो आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप देतात. दगड, सनद, पट्टा यांच्या रांगेतली ही आजची नोंद, थेट कानावर. पण त्याच शहरात 2007 च्या सुरुवातीला कुत्र्यांच्या हल्ल्यात लहान मुले मरण पावली होती. पहाटे कामावर जाणारा, रात्रपाळीहून परतणारा माणूस आपल्या गाडीच्या बंद काचेआड नसतो. कुत्र्यांवरचे प्रेम सोसायटीच्या आतून करणे सोपे असते. हे मी कुत्री आवडणारा माणूस म्हणूनच लिहितो आहे.

आपल्या आवारातला कुत्रा

2023 साली जुन्या नियमांच्या जागी नवे आले. त्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना समुदायाचे भारतीय कुत्रे असेही म्हटले आणि बंद आवारात राहणाऱ्यांचाही उल्लेख केला. दारचा कुत्रा पहिल्यांदाच कायद्याच्या भाषेत डोकावला, असे मला वाटले होते. मग 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलावीत, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. कारण चावे आणि रेबीज. 1832 ची दोन्ही मते न्यायालयात पुन्हा समोरासमोर उभी होती.

माझ्या ओळखीची एक कुत्री कार्यशाळेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर राहत असे. काळी-पांढरी, एका कानाला काप. वसतिगृहाची मुले तिला ‘बॅकलॉग’ म्हणत, मेसचे मामा ‘कर्री’ म्हणत, झाडणाऱ्या अक्का नुसतेच ‘बा’ म्हणत, आणि ती तिघांकडेही जाई. परीक्षेच्या दिवशी ती दारात आडवी पडली की मुले तिला ओलांडून आत जात. तिने कोणाला चावल्याचे मला ठाऊक नाही. पण तिला घाबरून मागच्या जिन्याने जाणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती, हेही ठाऊक आहे. आदेशानंतर आवारातल्या कुत्र्यांची यादी करायचे ठरले. फॉर्ममध्ये रकाना होता, मालकाचे नाव. तो कोरा राहिला.

यानंतरचे काम तुमचे आहे. आजी-आजोबांना किंवा गावाकडच्या कोणा वडीलधाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. दारात कुत्रा होता का, त्याचे नाव काय? तो कुठे झोपे, पावसात कुठे जाई? त्याला कोण जेवायला घाले आणि उरलेल्यातले काय घाले? तो कोणाचा, असे कोणी विचारले तर घरात काय उत्तर मिळे? तो कसा गेला आणि त्याला कुठे पुरले? बेंगळुरूत राहणाऱ्यांनी त्याआधी कस्तुरबा रोडला जाऊन काळीचा दगड पाहून यावा. संग्रहालय सोमवारी बंद असते.